मागे राहिलेली

सोमवार, २६ नोव्हेंबर १९७३. सोलापूर.

काल तिन्हीसांजेला पॅसेंजरने माहेराहून, दुधनीहून आलो, आणि आज सकाळी मी माझ्या स्वतःच्या घरात पहिला चहा केला. ‘माझ्या स्वतःच्या’ हे शब्द दोनदा गिरवावेसे वाटतात. घर सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर, मागे फरशीचं अंगण, आणि नळ चक्क घरात! आईला हे कळलं तर ती इथे येऊन नळाचीच दृष्ट काढेल.

यांचं सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान चौकातच आहे. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून हे निघाले आणि दारातून परत वळून म्हणाले, बी.ए.चा फॉर्म बाहेरून भरता येतो, चौकशी करतो. मॅट्रिकला मला साठ टक्के होते हे यांनी लक्षात ठेवलं आहे! बोलणं हळू, चेहऱ्यावर कायम हसू. मैत्रिणींना वाटेल मी थाप मारते आहे.

सासूबाईंची अजून नीट भेट नाही. आमच्याकडे सासूला अत्ती म्हणतात, तेच म्हणणार. काल आलो तेव्हा त्या झोपल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून लग्नालाही आल्या नव्हत्या. थोरले दीर चन्नवीर वारून आठ वर्षं झाली. त्यांच्या पत्नी, माझ्या जाऊबाई सिद्धम्मा, हवापालटाला भावाकडे श्रीपूरला गेल्यात. म्हणजे सध्या घरात आम्ही तिघंच. शेजारच्या अमिनाबी भिंतीवरून डोकावून गेल्या. त्यांचा नवरा मकदूम ट्रक चालवतो. म्हणाल्या, काय बी लागलं तर हाक मारो. हाक कशाला लागेल? तीन माणसांचं काम ते काय!

मंगळवार, २७ नोव्हेंबर

गुडघे नाहीत. अर्धांगवायू आहे. सहा वर्षं झाली.

उजवं अंग पूर्ण गेलेलं. वाचाही गेली, फक्त एकच शब्द उरलाय, कानडी ‘होग’. होग म्हणजे जा. तहान लागली तरी होग, अंथरूण ओलं झालं तरी होग. सकाळी मी पाया पडायला गेले तर डावा हात उचलून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “होग. होग.”

यांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? हे हसले. म्हणाले, सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी उगाच काळजी केली असती. मग वाटलं, बिचाऱ्यांनी भीतीपोटी लपवलं असेल. आजारी माणूस कुणाच्या घरात नसतं? मी करीन. आईच्या बाळंतपणात मी घर चालवलं आहे, मला कामाची भीती नाही.

रविवार, ९ डिसेंबर

दिवस कसा जातो ते लिहिते, म्हणजे पुढे मागे वळून बघायला बरं. पाच वाजता अत्तींचं अंथरूण बदलायचं. अंग पुसायचं. पाठीला पडलेल्या जखमा धुवायच्या, औषध लावायचं. तासातासाला कूस बदलायची. एकटीने, कारण हे नऊला जातात. शिजवून मऊ केलेल्या कण्या ताकात कालवून चमच्याने भरवायच्या. एक वाटी पोटात जायला पाऊण तास लागतो, त्यातला अर्धा घास माझ्या अंगावर येतो. भांडं द्यायचं, भांडं धुवायचं. चादरी धुवायच्या. गिरणीचा तीनचा भोंगा होतो तेव्हा मी जेवते.

आज बाबांच्या ओळखीच्या दोन बायका भेटायला आल्या होत्या. एक तास अत्तींची चौकशी केली. निघताना म्हणाल्या, साक्षात देवी मिळाली हो घराला. बरं वाटलं. वाटायला नको होतं का?

सोमवार, १४ जानेवारी १९७४

आज सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नंदीध्वजांची मिरवणूक इथून किती लांब? हाकेच्या अंतरावर. वाजंत्री ऐकू येत होती. हे म्हणाले, मी जाऊन येतो, आईला एकटं कसं ठेवायचं? ‘कसं ठेवायचं’ हे मला विचारलं, आणि पांढरं धोतर नेसून निघून गेले.

यांचा आवाज कधी चढत नाही. चढायची गरजच पडत नाही.

मी अंगणात चादरी पिळल्या आणि प्रत्येक चादर पिळताना एकेकाचं नाव घेतलं. यांचं नाव घेत नाहीत म्हणून ते फक्त घेतलं नाही.

बी.ए.चा फॉर्म भरायची तारीख गेली. विचारलं, तर म्हणाले, अरे हो की!

शनिवार, २ फेब्रुवारी

आज एक छान गोष्ट झाली. भांडी घासून दुपारी आत आले तर अत्तींचं सगळं आवरलेलं. चादर बदललेली, कोपरे घट्ट खोचलेले, केसांच्या दोन बारीक वेण्या घातलेल्या, तोंड पुसलेलं. मी दारातच बसले आणि रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातातलं काम घेतलं होतं. भिंतीवरून अमिनाबींना म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? त्यांना नीट ऐकू आलं नसावं, नुसत्या हसल्या.

सोमवार, ११ फेब्रुवारी

या आठवड्यात चार वेळा. नेहमी दुपारीच, मी मागे असताना. मी आज त्या वेळात झोपले! वीस मिनिटं झोपले!

मग शेंगाची चटणी घेऊन अमिनाबींकडे गेले, आभार मानायला. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, “मैं तो एक बार बी अंदर नै आई, भाभी. तुमच्या दाराला आतून कडी असते की.”

असते. दुपारी मी पुढच्या दाराला कडी घालते.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मी पाहिलं तिला.

स्वयंपाकघराच्या दारातून. अत्तींच्या खाटेवर वाकलेली बाई. विटक्या तपकिरी रंगाचं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, पाठ वाकलेली. अत्तींची कूस बदलत होती. आमची एक पद्धत असते तशी. आधी गुडघा मुडपायचा, मग खांद्याखाली हात. जोर लावताना तिच्या तोंडून ‘हं’ असा आवाज आला. मी म्हटलं, कोण आहे? तिने मान वळवली नाही. चादर सारखी केली, भांडं उचललं, आणि अंगणाच्या दाराकडे गेली. अंगणात कुणी नव्हतं. भांडं धुतलेलं होतं. ओलं.

अत्ती माझ्याकडे बघत होत्या.

हे जेवायला आले तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, किंवा घाबरतील. हे भाकरी मोडत म्हणाले, “सिद्धम्मावैनी असतील.”

मी म्हटलं, त्या तर श्रीपूरला आहेत.

म्हणाले, आहेत ना. त्यांचा भाऊ गुरुसिद्धप्पा येऊन त्यांना घेऊन गेला, ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. तोवर काम वेळच्या वेळी चालू होतं. पुढेही चालू राहिलं. “काम होतंय ना? मग झालं. हल्ली ती नीट करत नाही, रिकामाच चमचा तोंडाला लावते. म्हणून तर —”

ताक मागितलं.

म्हणून तर मला आणली. वाक्य मी पूर्ण करते. झिजलेली बाई बदलायला नवी बाई आणली, सायकलची चेन बदलतात तशी. आणि ताक वाढलं मी. का वाढलं? ते ताक यांच्या डोक्यावर ओतायला हवं होतं.

रविवार, २४ फेब्रुवारी

शिवरात्रीला नणंद शिवगंगाक्का विजापूरहून आल्यात, आठ दिवस राहणार. आल्या आल्या अत्तींच्या गळ्यात पडून रडल्या, मग पाठीच्या जखमा बघून मला म्हणाल्या, वैनींच्या वेळी एवढ्या नव्हत्या. सहा वर्षांत किती वेळा येऊन कूस बदलली होती हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं.

उद्या पहाटेच्या एस.टी.ने मी जाते. यांना सांगितलं आहे की दुधनीला जाते. श्रीपूरला जाणार आहे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

जाऊन आले. जसं घडलं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

श्रीपूरला साखर कारखान्याचा हंगाम चालू आहे. उसाच्या बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत, सगळीकडे मळीचा आंबट वास. गुरुसिद्धप्पा फिटर आहे. कामगारांच्या चाळीत त्याची खोली. तो पाळीवर गेला होता. त्याच्या बायकोने दार उघडलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात वाटी. मी कोण ते सांगितल्यावर तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, बरं झालं कुणीतरी आलं, घेऊन जाताय का?

जाऊबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ, आणि चेहऱ्यावर काही नाही. दुःखही नाही. मी पाया पडले, हात हातात घेतले. तळहात लहान मुलासारखे मऊ होते. सहा वर्षं चादरी पिळलेले हात असे नसतात. माझे तीन महिन्यांत साल निघालेले आहेत.

गुरुसिद्धप्पाची बायको बोलत राहिली. म्हणाली, आल्यापासून अशीच. भरवलं तर खाते, उठवलं तर उठते. डॉक्टर म्हणतात, अंगात काही रोग नाही. बायका म्हणतात, बाहेरचं हाय. “सगळं मलाच करावं लागतंय, ताई. माजी दोन लेकरं हायत, वर ही. मला बी कवा कवा वाटतं —” तिने पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली, आधी अशी नव्हती. लई रागीट. माहेरी आली की भांडी आपटायची, सासरच्यांना शिव्या घालायची, मला न्या हितून म्हणून भावाशी भांडायची. भाऊ समजूत घालून परत धाडायचा. एके दिवशी राग बंद झाला. एकदम. सगळे म्हणाले, चला, शहाणी झाली. त्यानंतर महिनाभराने बघायला गेले तर ही अशी अंगणात बसलेली, आणि आत —

आत काय, ते तिने सांगितलं नाही. दोघींना माहीत होतं.

मी जाऊबाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, अक्का, चला ना सोलापूरला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या,

“मी कुटं आले? मी तितंच हाय की.”

बुधवार, २७ फेब्रुवारी

काल घरात पाऊल टाकलं आणि अत्ती रडायला लागल्या. डावा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला आणि ढकलू लागल्या, दाराकडे. “होग. होग. होग.”

तीन महिने मी ऐकते आहे. वाटायचं, हिचं सगळं करते आणि ही मला जा म्हणते. किती चिडले आहे मी या शब्दावर! त्या हाकलत नव्हत्या. त्या सांगत होत्या. एका सुनेचं काय झालं ते त्यांनी या खाटेवरून पाहिलं आहे, दुसरीचं त्यांना बघायचं नाही. या घरात माझी काळजी करणारं एकच माणूस आहे, आणि तिचं तोंड मी पुसते.

मी म्हटलं, अत्ती, मी जाते, तुम्ही? त्यांनी डोळे मिटले.

मंगळवार, २ एप्रिल

ऊन भयंकर. दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून घेतात, भर दुपारी खोलीत अंधार. त्या अंधारात आम्ही दोघी काम करतो. ती आणि मी. हो, सवय झाली आहे. ती रिकामा चमचा भरवते, मी भरलेला. कधी कधी एकाच वेळी चादरीचं एकेक टोक धरतो. तिचं तोंड मला दिसत नाही. दिसलं तरी तिथे काही असेल असं वाटत नाही.

भीती तिची वाटत नाही. राग येतो. सगळ्यांचा. शिवगंगाक्कांचा, पत्रातून औषधं सुचवतात. डॉक्टरांचा, अत्तींची नाडी बघून म्हणतात, सून चांगली आहे म्हणून टिकल्यात. मला एकदा तरी विचारा, तू झोपतेस का? जेवतेस का? बाबांचाही राग येतो, चौकशी न करता मुलगी दिली. गल्लीतल्या बायकांचा, देवी म्हणतात. देवीला देवळात कोंडतात, बाहेरून कुलूप लावतात.

आणि मल्लिकार्जुनचा. नाव लिहिलं. काही झालं नाही. मल्लिकार्जुन, मल्लिकार्जुन, मल्लिकार्जुन. काल त्याला म्हटलं, एक दिवस तुम्ही आईचं करा. फक्त एक दिवस. तो हसला. म्हणाला, बायकांचं काम मला कसं जमेल? त्याला दहा बोटं आहेत, मी मोजली. सायकलचं चाक उघडतो त्या बोटांनी, बारीक छर्रे एकेक उचलतो.

राग आहे, ते बरं आहे. मी रोज सकाळी उठून आधी राग आहे का ते बघते.

शुक्रवार, १९ एप्रिल

आज अत्तींनी कण्या थुंकल्या. तिसऱ्यांदा. मी वाटी आपटली. त्यांचा हात धरून जोरात खाटेवर आदळला. उशी बदलायची होती. उशी माझ्या दोन्ही हातांत होती आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ.

एवढंच लिहिते.

अत्तींनी तोंड वळवलं नाही. मान थोडी वर केली. जणू —

मी उशी फेकली, अंगणात जाऊन ओकले. मग त्यांचे पाय धरून रडले. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ आहेत. मल्लिकार्जुनने जेवताना पाहिले. विचारलंही नाही त्याने!

मंगळवार, २३ एप्रिल

चार दिवस काही वाटत नाही. राग नाही. बरं वाटतं. नाही, बरंही वाटत नाही. मल्लिकार्जुन खूश आहे. दुकानातून येताना गजरा आणला. म्हणाला, आता कशी शहाणी झालीस.

शहाणी. हा शब्द कुठेतरी ऐकला आहे. आठवत नाही.

बुधवार, २४ एप्रिल

आठवला. श्रीपूरला.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तपकिरी लुगड्याची बाई अत्तींच्या पायाशी होती. उशाशी दुसरी. हिरवं लुगडं, केसांत सुकलेला गजरा. अत्तींना भरवत होती. भरलेला चमचा.

मी खाली बघितलं. हिरवं लुगडं मीच नेसले आहे. हात रिकामे होते. हात धुतलेले, कोरडे, आणि तळव्याला सालपटं नव्हती.

अत्ती ओरडल्या. होग. तिच्या खांद्यावरून, माझ्याकडे बघून.

चपला न घालता निघाले. वही पोलक्यात —

दुधनी. रविवार, २८ एप्रिल

आईने विचारलं, काय झालं? काय सांगायचं? म्हटलं, दमले. आई म्हणाली, अगं, सगळ्याच दमतात. केस विंचरले तिने माझे. मी बसून राहिले. भूक नाही. बाबा म्हणाले, चार दिवस राहा, मग मी सोडून येतो.

अत्तींना कोण —

हा विचारसुद्धा फार लांबून येतो.

दुधनी. मंगळवार, ७ मे

बाबांनी पत्र घातलं होतं, त्याला सोलापूरहून कार्ड आलं. बाबांच्या नावावर. बाबांनी मोठ्याने वाचलं, मी समोर बसले होते. तो लिहितो : ‘सौ. दाक्षायणी घरीच आहे, माहेरी गेल्याचा आपला काही गैरसमज झाला असावा. बोलत नाही फारसं, पण आईचं सगळं वेळच्या वेळी करते. रागावणं बंद झालं आहे. काळजी नसावी.’

बाबा चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागले. म्हणाले, जावईबापूंचं डोकं ठिकाणावर आहे ना?

आणि मला राग आला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. पायाच्या तळव्यापासून वर आला. कार्ड फाडलं, भिंतीवर पाण्याचा तांब्या फेकला, आई घाबरून ओरडली आणि मी हसले. कारण दुखलं मला. हात दुखला तांब्या फेकताना!

त्याला कळलंच नाही मी गेलेली. घरात काम होत होतं, म्हणजे बायको घरात होती.

माझं जे तिथं राहिलंय ते मी घेऊन येणार आहे. जाऊबाईंचं आणणारं कुणी नव्हतं. माझी मी आहे.

दुधनी. रविवार, १२ मे

बाबा सोडत नाहीत. रेल्वेचा संप, गाड्या बंद. मी म्हटलं, एस.टी. आहे. मधेमधे विसरते कशासाठी जायचं. कार्डाचे तुकडे वहीत ठेवलेत. वाचते. राग येतो. मग आठवतं.

उद्या पहाटे.

सोलापूर. सोमवार, १३ मे. अमिनाबींच्या घरी.

पुढच्या दाराने गेले. मल्लिकार्जुन दारातच होता, दुकानाला निघालेला. माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर तेच हसू. म्हणाला,

“कोण पाहिजे आपल्याला?”

मी म्हटलं, मी दाक्षायणी. तो म्हणाला, ती आत आहे, आईला भरवते आहे, जरा वेळाने या. आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मस्करी नव्हती ती. असती तर बरं झालं असतं.

अमिनाबींनी मात्र मला बघताच ओळखलं. माझा हात धरून आत ओढलं, दार लावलं. म्हणाल्या, पंधरा-वीस दिवस भिंतीवरून हाक मारते, तुमी वळून बघत नव्हता, मला लई डर लागला. “वो तुम नै ना, भाभी? तुम तो चिडते थे.” मग त्या रडल्या. माझ्यासाठी कुणीतरी रडलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला रडू येत नाही.

मंगळवार, १४ मे. दुपार.

मागच्या अंगणातून आत गेले. अमिनाबी भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

अंधार. खाट. पायाशी तपकिरी लुगडं, आता जवळजवळ दिसत नाही, धुरासारखं. उशाशी ती. मी सरळ जाऊन तिचं मनगट धरलं. गार नव्हतं. गरम, घामट, साल निघालेलं. माझं होतं ते. मी म्हटलं, “चल. बास झालं.”

तिने मान वळवली. मी आरशात बघते तसा चेहरा, फक्त फार दमलेला. इतकी दमलेली होते मी? कुणी सांगितलं नाही मला. मला तिची दया आली, तिला छातीशी धरावंसं वाटलं.

ती म्हणाली, “मग अत्तींचं कोण करणार?”

अत्ती आमच्या दोघींकडे बघत होत्या. होगसुद्धा म्हणाल्या नाहीत. पाठ ओली झाली होती त्यांची.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पकड सुटली. ती खाली वाकली आणि चादर बदलू लागली.

मंगळवार. तीनचा भोंगा झाला.

अमिनाबींनी चहा ठेवला. साय धरली त्यावर. कितीदा विचारतात, काय झालं. काही झालं नाही.

राग यायला हवा. तुकडे कुठे ठेवले कार्डाचे — आहेत. ‘काळजी नसावी’. वाचते. नुसती अक्षरं आहेत.

हात हलका झालाय. पेन धरल्याचं कळत नाही. लिहिते तोवर —

उत्तर होतं! होतं की! आत्ता आठवलं, एवढं साधं. तो करील. मल्लिकार्जुन. त्याची आई आहे. दहा बोटं आहेत त्याला. तो नसेल करत तर शिवगंगाक्का, तर बाई ठेवा, तर दवाखाना, तर त्या सगळ्या बायका, देवी म्हणणाऱ्या, या, धरा चादरीचं टोक! मी एकटी नाही. एकटीच का? हे मी तिथे का बोलले नाही, तोंड का उघडलं नाही, गाढव, गाढव —

येतोय. राग येतोय. पोटात. थोडा.

जाते. तो जायच्या आत — म्हणजे राग जायच्या आत. मधे फक्त अंगण आहे. तिला एवढंच सांगायचं, तो करील, तू सोड, आणि हात धरून —

अमिनाबी म्हणतात, मी पण येते. या. या, लवकर. मला उठवा. पाय —

मला राग आलाय. मी दाक्षायणी. मला राग आला आहे. मला रा